अनुरुद्धाची सुई

सदऱ्याचे बटण एकदम तुटून पडत नाही. त्याच्या छिद्रांतून गेलेल्या दोऱ्यांपैकी एखादा आधी झिजतो, मग बटण किंचित कलते, काजातून सरकताना पूर्वीसारखे अडत नाही, आणि काही काळ ते अशा अवस्थेत राहते की त्याला लागलेले म्हटले तरी चालेल आणि निघालेले म्हटले तरी चालेल. हल्लीच्या तयार कपड्यांची बटणे पुष्कळदा यंत्राने, एकाच दोऱ्याच्या साखळीटाक्याने लावलेली असतात, आणि त्या टाक्याचा स्वभावच असा की त्याचे एक टोक सुटले म्हणजे सारी साखळी मागोमाग उसवत जाते. अशा लोंबत्या बटणाकडे वेळीच लक्ष जाणे, सुईच्या नेढ्यात दोरा ओवणे आणि ते बटण पुन्हा आपल्या जागी बसवणे, हे काम इतके क्षुल्लक मानले गेले आहे की धर्मचिंतनाच्या हद्दीत त्याला प्रवेश असावा असे कोणाच्या मनातही येत नाही. माझे म्हणणे असे आहे की तो प्रवेश त्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच मिळालेला आहे, आणि जे झिजणार हे निश्चित आहे त्याची निगा माणसाने का राखावी, या प्रश्नाचा निकाल त्याच्या साक्षीवाचून लागत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला वस्त्राची उपमा दिली आहे, आणि ती आपल्या समाजात इतकी रुजली आहे की कोणाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे समाचाराला आलेली चार माणसे तिचाच आधार घेऊन बोलतात. त्या उपमेत वस्त्राच्या आयुष्यातले दोनच क्षण येतात: एक ते नवे म्हणून धारण करण्याचा, आणि दुसरा ते जीर्ण म्हणून टाकून देण्याचा. रणांगणावर आप्तांच्या मरणाच्या कल्पनेने खचलेल्या अर्जुनाला त्या घटकेस तेवढेच सांगणे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु ज्याने कधी वस्त्र वापरले आहे त्याला हे ठाऊक असते की वस्त्राचे खरे आयुष्य या दोन क्षणांच्या दरम्यान जाते, आणि ती मधली मुदत धुण्याची, वाळवण्याची, उसवलेले शिवण्याची आणि निघालेले बटण लावण्याची असते. नव्याचा आनंद आणि जुन्याचा वियोग या दोहोंवर तत्त्वज्ञानाने जितका विचार खर्च केला, तितका या मधल्या मुदतीवर केलेला दिसत नाही. त्याच गीतेच्या नवव्या अध्यायात मात्र भगवंत अनन्य भक्तासाठी दोन जबाबदाऱ्या पत्करतात, त्यांपैकी जे मिळालेले नाही ते मिळवून देणे ही एक आणि जे मिळाले आहे ते राखणे ही दुसरी. आणि ज्या महाराष्ट्राने सृष्टी निर्माण करणाऱ्या ब्रह्मदेवापेक्षा ती सांभाळणाऱ्या विष्णूला विटेवर उभा करून आपले हृदय वाहिले, त्याला राखण्याच्या कामाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. तरीही प्रश्न उरतोच. राखणे हे देवाला शोभते हे मान्य केले, तरी ते माणसाला मुक्त करते की बांधून टाकते?

हा प्रश्न ज्याने अगदी उघडपणे विचारला असा एक तरुण बौद्ध वाङ्मयात भेटतो. त्या वाङ्मयाची ओळख मराठी वाचकाला करून देण्याचे थोर काम गोव्यातील सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी केले, आणि त्यांच्या ग्रंथांमुळे पाली विनयातील, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथातील, माणसे आपल्याला परकी वाटेनाशी झाली. हा तरुण म्हणजे शाक्य कुळातील अनुरुद्ध. तो इतक्या लाडात वाढला होता की ‘नाही’ या गोष्टीशी त्याचा परिचयच नव्हता. खेळताना त्याने घरून अपूप नावाचे पक्वान्न मागवले आणि आईने ते संपल्याचा निरोप पाठवला, तेव्हा ‘नाही’ हाही एखादा अपूपाचा प्रकार असेल असे समजून त्याने तोच पाठवण्यास सांगितले, अशी कथा आहे. भात कोठून येतो याचा वाद निघाला असता, तो सोन्याच्या ताटातून येतो, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले होते. शाक्यांतील अनेक कुमार प्रव्रज्या, म्हणजे संन्यास, घेऊ लागले तेव्हा त्याचा भाऊ महानाम त्याला म्हणाला की आपल्याही घरातून एकाने जावे. मात्र जो मागे राहील त्याला गृहस्थाश्रम म्हणजे काय ते कळले पाहिजे. मग महानामाने त्याला शेतीची कामे सांगितली: नांगरणी, पेरणी, पाणी देणे, साचलेले पाणी काढणे, खुरपणी, कापणी, मळणी, उफणणी, धान्य कोठारात भरणे, आणि पुढच्या वर्षी हे सारे पुन्हा पहिल्यापासून. अनुरुद्धाने विचारले की ही कामे संपतात केव्हा. महानामाने उत्तर दिले की कामे संपत नाहीत; आपले वडील आणि आजोबा कामे तशीच मागे ठेवून वारले. तेव्हा अनुरुद्ध म्हणाला की मग घर तूच सांभाळ, मी प्रव्रज्या घेतो.

या संवादाइतका प्रांजळ संवाद मला दुसरा माहीत नाही. अनुरुद्धाला दुःखाचे दर्शन झाले नव्हते. त्याला पुनरावृत्तीचे दर्शन झाले होते. आज लावलेले बटण उद्या पुन्हा सैल होणार, आज घासलेले भांडे उद्या पुन्हा खरकटे होणार, आणि या फेऱ्याला अंत नाही, या जाणिवेने ज्याचे मन एकदाही विटले नाही असा गृहस्थ किंवा अशी गृहिणी विरळाच. संसारत्यागाच्या मुळाशी पुष्कळदा मृत्यूच्या भयापेक्षा हा कंटाळाच अधिक असतो, असे मला वाटते. आणि म्हणूनच, कामे संपत नाहीत म्हणून घर सोडून गेलेल्या या राजकुमाराच्या हाती भिक्षुसंघाने काय दिले, हे पाहणे अत्यंत उद्बोधक आहे.

संघाने त्याच्या हाती सुई दिली. भिक्षूने जवळ बाळगायच्या ज्या आठ वस्तू परंपरेने मोजल्या आहेत, त्या तीन चीवरे म्हणजे वस्त्रे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके अशा आहेत. ज्याने घर, शेत, दागदागिने, कुळाचा अधिकार, सारे काही सोडले, त्याच्याजवळ जे थोडके शिल्लक राहिले त्यात सुई आहे, या गोष्टीवर पुरेसा विचार झालेला नाही. आपल्या वैदिक परंपरेत पूजेला बसणारा माणूस न शिवलेले, न कापलेले वस्त्र नेसतो. सोवळ्यात शिवण चालत नाही, आणि अखंडत्वाला तेथे पावित्र्याचे मोल आहे. बौद्ध संघाने याच्या नेमका उलट मार्ग घेतला. मगधातील बांध घातलेली, पट्टे पडलेली शेते पाहून बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला विचारले की अशा आकृतीची चीवरे तुला करता येतील काय, आणि आनंदाने तशी करून दाखवली. तेव्हापासून भिक्षूचे वस्त्र आधी कापावे आणि मग तुकडे जोडून शिवावे असा शिरस्ता पडला. कापलेल्या कापडाला बाजारात किंमत उरत नाही, ते चोराला नको असते आणि ते अंगावर घालणाऱ्यालाही मिरवता येत नाही. ज्या वस्त्रात टाका हाच मूळ धर्म आहे, ते दुरुस्त करण्यात कमीपणा कसा वाटावा?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात लहानसहान बाबींचे एक प्रकरण आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते मला सर्वांत मोलाचे वाटते. एक भिक्षू हलकी संघाटी, म्हणजे वरचे चीवर, पांघरून भिक्षेसाठी गावात शिरला असता वावटळीने ती उडवली. ही तक्रार बुद्धांच्या कानी गेली आणि त्यांनी चीवराला गुंडी आणि तिच्यासाठी फासा लावण्याची मुभा दिली. काही भिक्षू सोन्याचांदीच्या गुंड्या लावू लागले तेव्हा लोकांत कुरबूर झाली, आणि मग गुंडी कशाची असावी याचा निर्बंध आला: हाड, हस्तिदंत, शिंग, बोरू, बांबू, लाकूड, लाख, फळाची करवंटी, तांबे, शंख किंवा नुसता दोरा. येथवरचा भाग कोणत्याही शिस्तबद्ध संस्थेच्या दप्तरात सापडावा असा आहे. परंतु पुढचे कलम वाचताना माझे मन भरून येते. भिक्षूंनी गुंडी सरळ चीवरावर शिवली, आणि जेथे ती शिवली होती तेथे चीवर झिजू लागले. तेव्हा बुद्धांनी गुंडीच्या खाली कापडाचा वेगळा तुकडा लावून त्यावर ती शिवण्याची अनुज्ञा दिली. दुःखाचे मूळ आणि त्याचा निरोध ज्याने जगाला सांगितला, त्याने गुंडीचा ताण कापडावर कोठे पडतो याचाही विचार केला, आणि तो आपल्या प्रतिष्ठेला उणा आणणारा मानला नाही. आजही जाड कोटाच्या बटणामागे, आतल्या अंगाला, शिंपी एक लहानसे दुसरे बटण ठेवून दोन्ही मिळून शिवतो, त्याचे प्रयोजन अगदी हेच असते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. ज्याला विरक्त व्हायचे आहे त्याने चीवराच्या झिजेची इतकी काळजी करणे ही आसक्तीच नव्हे काय? फाटले तर फाटू द्यावे, बटण पडले तर पडू द्यावे, या वृत्तीलाच आपण पुष्कळदा वैराग्य समजतो, आणि ज्याच्या सदऱ्याची दोन बटणे नाहीत अशा विद्वानाबद्दल त्याच्या बेफिकिरीवरूनच त्याच्या थोरवीचा अंदाज बांधतो. मला ही समजूत घातक वाटते. आसक्ती कोठे सुरू होते हे त्याच विनयाने सुईच्याच बाबतीत दाखवून दिले आहे. एका हस्तिदंताचे काम करणाऱ्या कारागिराने भिक्षूंना सांगितले की ज्याला सुई ठेवण्याची नळी हवी असेल त्याला ती मी देईन. भिक्षूंनी इतक्या नळ्या मागितल्या की त्या बिचाऱ्याला विकण्यासाठी माल घडवता येईना आणि त्याची बायकामुले हाल सोसू लागली. तेव्हा हाड, हस्तिदंत किंवा शिंग यांची सुईची नळी करवून घेण्यास मनाई झाली, आणि केली असेल तर ती फोडून टाकावी असा दंड ठरला. गुंडीला हस्तिदंत चालतो आणि सुईच्या नळीला चालत नाही, हा भेद वरवर पाहता विसंगत वाटेल; पण निर्बंध पदार्थावर नाही, त्या पदार्थाच्या हव्यासातून दुसऱ्याच्या घरावर जो भार पडला त्यावर आहे. सुई हवी, ती गंजू नये म्हणून तिची निगाही हवी, कारण चुल्लवग्गाच्या त्याच प्रकरणात सुया गंजत असल्यामुळे त्या पिठात आणि मेणात ठेवण्याच्या तजविजी सांगितल्या आहेत. परंतु सुईच्या निमित्ताने परिग्रह वाढू लागला की तेथे हात आवरावा.

जतन आणि आसक्ती यांच्यातला हा फरक एकदा मनात ठसला म्हणजे कौशांबीतील आनंदाची कथा नीट उमगते. उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला 500 वस्त्रे दिली. राजाला ते रुचले नाही. श्रमण आनंद काय कापडाचे दुकान घालणार आहे, असे त्याला वाटले, आणि तो स्वतः जाऊन जाब विचारू लागला. इतक्या वस्त्रांचे काय कराल? ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग त्या जीर्ण चीवरांचे? अंथरुणावरचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी करू. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणी. त्यांचे? पायपुसणी. त्यांचे? झटकण्याची फडकी. आणि ती फडकीही झिजली म्हणजे? त्यांचे तुकडे करून चिखलात कालवू आणि त्याने जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी 500 वस्त्रे दिली. या जाबजबाबात आनंदाने कोठेही वस्त्रावर मालकी सांगितलेली नाही, आणि कोठेही ते वाया जाऊ दिलेले नाही. वस्त्र त्याच्याकडे अमानत म्हणून आले आहे. ते श्रद्धेने दिलेले आहे, ते विणणाऱ्याच्या श्रमातून आलेले आहे, आणि म्हणून त्याचा शेवटचा धागा मातीत मिसळेपर्यंत त्याचा हिशेब देणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. जो स्वतःला वस्तूचा मालक समजतो तो ती फेकू शकतो. ज्याच्या हाती ती विश्वासाने सुपूर्द केलेली आहे त्याला ती फेकण्याचा अधिकारच नाही, आणि खऱ्या अपरिग्रही माणसाची स्थिती ही दुसऱ्या प्रकारची असते. तीनच चीवरे ज्याच्याजवळ आहेत त्याला त्यांतील प्रत्येकाची शिवण माहीत असावी लागते.

आता अनुरुद्धाकडे परत जाऊ. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे टीकेत, असे वर्णन आहे की उकिरड्यांवरून चिंध्या वेचणारा अनुरुद्ध एकदा चीवर करायला बसला, तेव्हा स्वतः शास्ता भिक्षुसंघासह तेथे आले. महाकाश्यप एका टोकाला बसले, सारिपुत्र मध्ये, आनंद दुसऱ्या टोकाला. इतर भिक्षू सूत वळू लागले, मौद्गल्यायन जे जे लागेल ते आणून देऊ लागले, आणि बुद्ध सुईत दोरा ओवून देऊ लागले. चिनी भाषांतराच्या रूपाने टिकून राहिलेल्या एकोत्तर आगमात हीच गोष्ट निराळ्या रीतीने येते. तेथे अनुरुद्धाची दृष्टी गेलेली आहे, त्याला नेढे दिसत नाही, आणि तो मनाशी म्हणतो की ज्याला पुण्य जोडायचे असेल अशा कोणी मला एवढा दोरा ओवून द्यावा. बुद्ध पुढे होतात. अनुरुद्ध संकोचतो, कारण ज्याला काही मिळवायचे उरलेले नाही अशा पुरुषाला त्याने हाक घातलेली नव्हती; तेव्हा बुद्ध त्याला सांगतात की पुण्याची ओढ माझ्याइतकी कोणालाच नसेल.

या प्रसंगाशी ज्याची तुलना करता येईल असे एकच दृश्य माझ्या मनात येते, आणि ते आपल्या घरातले आहे: नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळायला बसते आणि पंढरीचा राणा जात्याचा खुंटा धरून तिच्यासमोर बसतो. त्या घरचा वंशपरंपरागत व्यवसाय शिंप्याचा होता, हे विसरू नये. नामदेवांचे मन विठ्ठलाकडे लागले आणि शिंपीकाम मागे पडले, म्हणून गोणाई आणि राजाई यांनी केलेल्या फिर्यादी त्यांच्या गाथेत आजही वाचायला मिळतात. पुढे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची जी 61 पदे समाविष्ट झाली त्यांत गज, कात्री, सुई ही शिंप्याची अवजारे नामस्मरणाच्या कामी लागलेली दिसतात. त्या पदांचे सौंदर्य अपूर्व आहे. तरीही मला गोणाईची बाजू सोडवत नाही. सुई रूपक होऊन देवाजवळ पोचली, पण घरातले फाटके कोणी शिवले? बहुधा गोणाईने किंवा राजाईने. आजही बहुतेक घरांत पुरुषाचे बटण त्याची आई किंवा बायको लावते, आणि तो ते लावलेले आहे हेही पाहत नाही. पाली कथेतले दृश्य मला म्हणूनच विलक्षण वाटते, की तेथे ओळीने बसून टाके घालणारे सारे पुरुष आहेत, त्यांतले कित्येक थोर कुळांतले आहेत, आणि जो कामे संपत नाहीत म्हणून घरातून निघून आला होता त्याला आता ती संपावी अशी घाई राहिलेली नाही. काम तेच आहे, पुनरावृत्तीही तीच आहे; फरक एवढाच पडला आहे की कोठार भरण्याचा हेतू त्यातून गेला आणि कामाला मर्यादा आली.

प्रत्यक्ष बटण लावण्याची कृती इतकी थोडी आहे की ती सांगून टाकावी. दोरा दुहेरी घ्यावा आणि मेणावरून एकदा ओढावा, म्हणजे तो पिळत नाही. पहिला टाका सदऱ्याच्या सुलट बाजूवरून असा घालावा की गाठ बटणाच्या पोटाखाली दडेल. मग बटण जागेवर ठेवून त्याच्या पाठीवर आगपेटीची एक काडी आडवी धरावी आणि टाके त्या काडीवरून घालावे. चार-सहा फेऱ्या झाल्या की काडी काढून घ्यावी, बटण वर ओढावे, आणि त्याच्या व कापडाच्या मध्ये जे सैल दोरे दिसू लागतात त्यांच्याभोवती उरलेला दोरा घट्ट गुंडाळून लहानसा देठ करावा. तो काजाच्या पट्टीच्या जाडीइतका उंच असावा. ज्याला ही युक्ती माहीत नसते तो बटण कापडाला जितके आवळता येईल तितके आवळतो, आणि मग काजाची पट्टी मध्ये मावत नाही, कापडाला चुण्या पडतात, आणि शेवटी दोरा टिकून कापडच फाटते. संबंध टिकवायचा तर त्यात दुसऱ्याला मावायला जागा ठेवावी लागते, ही गोष्ट गृहस्थाश्रमाबद्दल लिहिलेल्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा त्या काडीने मला अधिक स्पष्ट करून सांगितली आहे.

अंगात घातलेला कपडा अंगावरच शिवू नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे हटकतात. त्यात सुई टोचण्याचे भय आहे, अशुभाची कल्पना आहे, आणि या दोन्हींची मला विशेष मातब्बरी वाटत नाही. पण त्या मनाईने एक चांगली सक्ती होते. कपडा काढावा लागतो. तो मांडीवर घ्यावा लागतो, उलटा करून त्याची आतली बाजू पाहावी लागते, आणि जो इतका वेळ आपणच होतो असे वाटत होते तो आपल्यापासून निराळा होऊन समोर येतो. गीतेच्या उपमेत काढलेले वस्त्र परत अंगावर येत नाही. येथे ते काढले जाते, पाहिले जाते, सुधारले जाते आणि तेच पुन्हा धारण केले जाते. देह आणि देही यांचा विवेक मृत्यूपर्यंत तहकूब ठेवण्याचे कारण नाही. अशा लहान प्रसंगी, जिवंतपणी, तो करून पाहता येतो, आणि विवेक केल्यावर वस्त्राचा तिरस्कार वाटायला हवा असेही नाही.

कामे संपत नाहीत या महानामाच्या उत्तराला संघाने कामाची मर्यादा घालून प्रत्युत्तर दिले. दुसऱ्या एका धर्माने त्याला वेगळे प्रत्युत्तर दिले, आणि तो धर्म पाळणारी माणसे कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत राहिली आहेत. अलिबाग, पेण, रेवदंडा या मुलखात घाणे चालवणारे बेने इस्रायल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू ग्रंथांचा त्यांचा परिचय मधल्या काळात जवळजवळ लोपला होता, तरी शनिवारचा विराम त्यांनी सोडला नाही. ज्या ग्रंथपरंपरेशी ते पुढे पुन्हा जोडले गेले, तिच्यातील मिश्ना या सुमारे इसवी सन 200 च्या संहितेत शब्बाथच्या, म्हणजे त्या विरामाच्या, दिवशी वर्ज्य असलेली 39 कामे मोजली आहेत, आणि त्यांत गाठ मारणे, गाठ सोडणे आणि दोन टाके घालणे ही तिन्ही आहेत. म्हणजे त्या दिवशी बटण लावता येत नाही. एक टाका का चालतो आणि दोन का चालत नाहीत, याचा खल पुढच्या आचार्यांनी केला, आणि दोन टाकेदेखील गाठ मारल्याखेरीज टिकत नाहीत, म्हणून गाठ मारली असेल तरच ते काम, असा निकाल दिला. कर्म म्हणजे काय, यावर आपल्या मीमांसकांनी अफाट लिहिले आहे. पण जे टिकते ते कर्म, ही कसोटी इतक्या हाताच्या अंतरावर आणून ठेवलेली मी इतरत्र पाहिली नाही. आणि विराम खरा व्हावा म्हणून किती दक्षता! शुक्रवारी अंधार पडण्याच्या सुमारास शिंप्याने आपली सुई घेऊन बाहेर पडू नये, न जाणो विसरून ती शब्बाथमध्येही जवळ राहील, असे त्याच संहितेत सांगितले आहे. सहा दिवस सुई चालवणाऱ्याच्या हातातून एक दिवस ती काढून घ्यावी लागते, तेव्हा कोठे त्याला कळते की जग त्याच्या टाक्यावाचूनही एक दिवस उभे राहते.

याच परंपरेचा आणखी एक नियम आहे, आणि त्याच्यापुढे माझे निगेविषयीचे सारे प्रतिपादन क्षणभर थबकते. जवळचे माणूस गेले म्हणजे यहुदी माणूस आपल्या अंगावरचे वस्त्र फाडतो. इतर आप्तांसाठी फाडलेले वस्त्र सात दिवसांनी कच्च्या टाक्यांनी जोडता येते आणि तीस दिवसांनी नीट शिवता येते. आईवडिलांसाठी फाडलेले तीस दिवसांनी धावदोऱ्याने जोडावे, परंतु नीट मात्र कधीच शिवू नये. ज्या गुरूने धर्मज्ञान दिले त्याच्यासाठी आणि जेरुसलेमच्या मंदिरासाठी फाडलेल्या वस्त्रालाही हाच नियम आहे. दुरुस्ती हे पुण्य आहे असे म्हणताना, सर्व काही दुरुस्त करता येते किंवा करावे असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह या नियमाने खोडून काढला आहे. काही फाटणी अशा असतात की त्या बुजवणे म्हणजे जे गेले ते गेले नव्हते असे भासवणे होय. तरीही धावदोऱ्याची मुभा आहे, कारण वस्त्र वापरायचे आहे, थंडीवाऱ्यात अंग झाकायचे आहे, आणि शोक करणाऱ्यालाही चारचौघांत जावे लागते.

शेवटी दानाचा मुद्दा उरतो, आणि बटणाच्या बाबतीत आपले वर्तन तेथेच सर्वांत अधिक उघडे पडते. जुने कपडे बोहारणीला देण्यापूर्वी त्यांची बटणे कापून डब्यात टाकण्याची वहिवाट अनेक घरांत आहे. तो रोकडा व्यवहार आहे, बोहारीण कपडा उलटसुलट करून पाहते आणि मगच भांडे पुढे करते, त्यामुळे त्यात फसवणूक नाही; उलट एका सदऱ्याचे आयुष्य संपल्यावर त्याचे बटण दुसऱ्या सदऱ्यावर जाऊन बसते हे मला फार योग्य वाटते. परंतु जो कपडा आपण देणगी म्हणून देतो, दुष्काळ किंवा पूर आला म्हणजे गाठोडी बांधून पाठवतो, त्याचीही बटणे निघालेली असतात, आणि ते पाहूनही आपण त्याची घडी घालतो. कठोपनिषदाचा आरंभ याच दोषापासून झालेला आहे. वाजश्रवसाने सर्वस्वाचे दान मांडले, आणि ज्यांचे दूध आटले, ज्यांचे गवत खाण्याचे व पाणी पिण्याचे दिवस संपले, अशा गाई त्याने दक्षिणेला काढल्या. ते पाहून लहानग्या नचिकेताच्या मनात श्रद्धा शिरली आणि तो बापाला विचारू लागला की मला कोणाला देणार. मृत्यूच्या दारापर्यंत जाणारे ते सारे थोर तत्त्वज्ञान एका निकृष्ट दानाच्या लाजेतून उगवले आहे. घेणारा गरीब आहे, त्याला वेळ आहे, तो आपले बटण आपण लावून घेईल, असे समर्थन मी अनेकदा ऐकले आहे; पण पुरातून वाचलेल्या माणसाजवळ सुई असेल हे कशावरून? दिलेला सदरा अंगात घालून तो कोणासमोर उभा राहणार आहे, त्याला उघड्या छातीवर हात धरून बोलावे लागणार आहे की नाही, याचा विचार देणाऱ्याने आपल्या घरी, दिव्याखाली बसून करायचा असतो. डब्यात जुळते बटण सापडले नाही, तर स्वतःच्या सदऱ्याचे सर्वांत खालचे, धोतरात किंवा विजारीत खोचले जाणारे बटण कापून त्याच्या गळ्यापाशी लावावे. खालच्या जागी वेगळ्या रंगाचे चालते.